क्रियापदाची वाट

सर्किट हाऊसच्या हिरवळीवर मांडव.
दोन देशांचे दोन झेंडे, चांदीच्या ताटात गुळाचे खडे,
आणि मधोमध मी, जर्मनची शिकवणी घेणारी,
आज दुभाषी. तासाला चारशे रुपये, शिवाय चहा.
काल रात्री उजळाईवाडीहून येणाऱ्या रस्त्याकडेला
हिरवं कापड ताणलं गेलं.
कापडामागं काय आहे ते मला माहीत आहे,
मी तिथंच राहते.

मंत्री उभे राहिले.
"आमचा देश, जो शतकानुशतकं जगाच्या पावलांना दिशा देत,
आमचा देश, ज्याच्या मातीत, ज्याच्या घामात..."
मराठीत क्रियापद शेवटी येतं.
जर्मनमध्येही पुष्कळदा तसंच.
दुभाष्याचा धंदा म्हणजे त्या एका शब्दाची वाट बघणं.
दिलं? देऊ? बुडवलं?
साहेबांचं वाक्य पंचगंगेसारखं वळत गेलं
घाटाजवळून, स्मशानाजवळून, फेसाजवळून,
आणि क्रियापद यायच्या आत टाळ्या पडल्या.

मग मी पाहुण्यांच्या वहीत एक देखणा देश उतरवला,
ज्यात कुणी काहीच करत नाही,
सगळं आपोआप होत असतं.
रस्ते होत असतात, चर्चा होत असते,
अधूनमधून चिंता व्यक्त होते.
नदीचा वास म्हणजे जलस्रोतांपुढची आव्हानं.

हौसाक्का सातपुत्यांना पुढं आणलं,
सुभाषनगरच्या. चपलेच्या वेण्या घालून घालून
बोटं चामड्याच्याच रंगाची.
"या आमच्या परंपरेच्या राजदूत," साहेब म्हणाले.
आक्का म्हणाल्या,
"मागल्या परदर्शनाचं अकरा हजार कवा मिळायचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
वाक्यात क्रियापद होतं,
उघडं, उकिडवं बसलेलं.
सचिवांनी चष्मा पुसायला घेतला.
मी जर्मनमध्ये म्हणाले,
"कारागिरांना पुढच्या सहकार्याची उत्सुकता आहे."
पाहुणे हसले. फोटो निघाला.

हे मला कुणी शिकवलं नाही असं कसं म्हणू?
थोरलीचं लग्न हुंड्यावरून मोडलं तेव्हा
"तारखा जुळल्या नाहीत" असं आईनं गल्लीभर सांगितलं होतं,
घरोघरी चहा पीत, पदर सारखा करत.
तीच ही भाषा.
देशाच्या मापानं शिवलीय, एवढंच.

पाहुण्यांनी चप्पल हातात घेतली,
उलटी केली, हुंगली,
"उल्लेखनीय" म्हणाले, "जरूर विचार करू" म्हणाले.
ते मी एकही टाका न उसवता
मराठीत आणलं.

निघताना कमानीपाशी आक्कांनी मला गाठलं.
"न्हाई म्हणाला न्हवं त्यो?"
तुम्हाला कसं कळलं?
"पायात कुठं घातली त्येनं."
मग पिशवीतनं एक जोड काढून माझ्यापुढं ठेवला.
"घाल. तळात इच्चू बसवलाय, चाललीस की करकर वाजंल.
म्होरल्या काळी गावात पाटलाच्या आदी
पाटलाचा आवाज यायचा.
निस्ता आवाजच गं. त्येला वजन नसतंय."

मी चार पावलं चालून बघितली.
करकर. करकर.
गेटवरचा हवालदार सावरून उभा राहिला.

आक्का हसल्या, आणि हसू तसंच ठेवून म्हणाल्या,
"आन् माझं काय सांगितलंस त्येला?"

"आक्का," मी म्हणाले,
"तुमचं म्हणणं, जे मी त्यांच्यापर्यंत,
म्हणजे एकूण परिस्थिती बघता, योग्य त्या शब्दांत..."

त्या थांबल्या.
उन्हात, पिशवी खांद्याला,
माझ्या तोंडाकडे बघत,
क्रियापदाची वाट पाहत.